चेहऱ्यावरचे व्रण आणि बारामतीकराचा किरण

मैत्रिणींनो, खरं सांगा, सकाळी वेणीफणी करताना आरशाच्या जरा जास्तच जवळ जाऊन तुम्ही गालावरचा एखादा डाग न्याहाळता की नाही? मी न्याहाळते. माझ्या उजव्या गालावर स्टोव्हच्या भडक्याची रुपयाएवढी खूण आहे, आणि आता पन्नाशीत डोळ्यांच्या कडेला चिमण्यांच्या पायांसारख्या रेघाही आल्या आहेत. 'आता कुणाला दाखवायचंय?' असं घरातले म्हणतात. म्हणोत बापडे. आपल्याला दिसतं ना!

पण आजचा हा लेख माझ्या गालामुळे सुचला नाही. सुचला तो माझ्या राहुरीच्या मावसबहिणीच्या लेकीमुळे. पोरगी हुशार, नोकरी करणारी. पण दहावी-बारावीत मुरुमांनी असा छळ मांडला की गालांवर खड्डे राहून गेले. चार स्थळं आली नि गेली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण 'कळवतो' म्हणून गेलेली माणसं कळवत नाहीत तेव्हा काय समजायचं ते आपल्याला समजतंच. पाचवं स्थळ कोल्हारचं. मुलाला मुलगी पसंत पडली, साखरपुडा झाला, वैशाखातला मुहूर्त निघाला. आणि इथेच घोटाळा झाला.

लग्नाला पाच आठवडे असताना तिच्या मैत्रिणीने एका ब्युटी पार्लरची जाहिरात दाखवली. 'लेसरने खड्डे गायब. नवरीसाठी खास पॅकेज.' पोरीने आईला न सांगता पगारातले पैसे भरले. एका बैठकीत काम झालं. दोन दिवस चेहरा लाल होता, मग बारीक खपल्या धरल्या. त्या खपल्यांवर ओढणी गुंडाळून ही बया भर चैत्राच्या उन्हात स्कूटीवरून पत्रिका वाटत हिंडली. पंधराव्या दिवशी दोन्ही गालांवर चाळणीने शाई गाळल्यासारखे काळपट ठिपके उमटले. खड्डे होते तिथेच होते.

बांगड्या भरायच्या दिवशी सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि माझ्या बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "हा काही आजार आहे का हो? आधी नव्हतं." बहिणीचा मला रात्री साडेदहाला फोन. रडून रडून आवाज बसलेला. "ताई, लग्न मोडतंय बहुतेक."

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी नगरला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जे समजावून सांगितलं आणि त्यानंतर मी जे शोधून वाचलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण आता राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, सगळीकडे लेसरच्या पाट्या लागल्या आहेत, आणि आपल्या लेकी-सुना तिथे जाणारच. 'जाऊ नका' म्हणून थांबणाऱ्या त्या नव्हेत.

आधी हा लेसर म्हणजे काय ते पाहू. लेसर म्हणजे उजेडच, पण शिस्तीतला. आपल्या दिव्याचा उजेड बाजारातल्या गर्दीसारखा, सगळ्या दिशांना पांगणारा. लेसरचा किरण म्हणजे कवायतीतली रांग. एका रंगाचा, एका दिशेचा, एका तालाचा. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. पण कातडीचं काम करणारा मुख्य लेसर त्यानंतर चार वर्षांनी निघाला. तो काढणारे शास्त्रज्ञ कोण, ठाऊक आहे? कुमार पटेल. जन्म १९३८, गाव बारामती! आमच्या श्रीगोंद्याहून भीमा ओलांडली की दौंड, आणि पुढे बारामती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली ते पदवीधर झाले, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले आणि बेल प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथे १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला. आपण श्वासातून सोडतो तोच हा वायू. कारखान्यात पोलादाचे पत्रे कापायलाही हा लेसर वापरतात आणि दवाखान्यात गालावरचा व्रण घासायलाही. मला तर हे वाचून इतकी गंमत वाटली की पार्लरच्या त्या गुळगुळीत कागदावर परदेशी बाईच्या फोटोऐवजी बारामतीच्या एस.टी. स्टँडचा फोटो छापायला हवा होता असं मनात आलं.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची खासियत अशी की पाणी त्याला लगेच शोषून घेतं. आपल्या कातडीत पाण्याचाच भरणा जास्त. त्यामुळे किरण पडला की तेवढ्या जागचं पाणी क्षणात उकळून कातडीचा पातळ थर उडून जातो, आणि खालच्या थराला शेक बसतो. त्या शेकाने आतले कोलॅजेनचे जुने धागे आखडतात आणि शरीर नवे धागे विणायला घेतं. व्रणाचा खड्डा वर उचलला जातो तो या विणकामाने, किरणाने नव्हे. म्हणून फरक लगेच दिसत नाही, तीन ते सहा महिने हळूहळू दिसत राहतो. लग्नाआधी पाच आठवडे हे काम करायचंच नसतं, ते एवढ्यासाठी.

१९९० च्या सुमारास डॉक्टर अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर या लेसरने सोलून काढत. गोऱ्या लोकांच्या सुरकुत्यांना त्याने गुण येई, पण चेहरा महिनोन्‌महिने लालबुंद राही. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीला तर ते फारच महागात पडे. मग २००४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नवी तऱ्हा मांडली. सगळं अंगण एकदम उकरायचं नाही, थोडथोड्या अंतरावर बारीक छिद्रं पाडायची. मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे तिच्यातून नवी कातडी चटकन भरून येते. याला 'फ्रॅक्शनल' लेसर म्हणतात. आज आपल्याकडे खड्ड्यांसाठी जो लेसर करतात तो बहुतेक हाच. छिद्रं केसाच्या जाडीची, आणि चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका. एका बैठकीत 'गायब' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या, बरं का!

आता भाचीच्या गालावर काळे ठिपके का आले? डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मशीन कोणतं होतं? शक्ती किती ठेवली होती?" भाचीला ठाऊक नाही. "आधी कानामागे किंवा कडेला थोड्या जागेवर करून पाहिलं होतं का?" नाही. "नंतर उन्हाची क्रीम सांगितली होती?" नाही. "पावती?" पावतीवर फक्त 'ब्रायडल पॅकेज' आणि रक्कम.

बाई म्हणाल्या, "आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त जागरूक असतात. त्यांना भाजलं, खरचटलं, चिडवलं की त्या रंग ओतून मोकळ्या होतात. म्हणून आपल्याकडे डासाचा चावासुद्धा काळा डाग ठेवून जातो. अशा कातडीला लेसर करायचा तर शक्ती कमी, छिद्रं विरळ, बैठका जास्त. आणि आधी-नंतर ऊन वर्ज्य. इथे तिन्ही उलटं झालंय."

"जाईल का हो हे?" माझ्या बहिणीने पदराने डोळे टिपत विचारलं.

"जाईल. पण महिने लागतील. लग्नापर्यंत नाही जाणार. आणि लग्नापर्यंत घालवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. तो दुसरं काहीतरी जाळेल, नाहीतर स्टेरॉइडची क्रीम देईल."

या स्टेरॉइडच्या क्रीमबद्दल एक शब्द मला मध्येच घालायचा आहे. औषधाच्या दुकानात 'गोरं करणारी ट्यूब द्या' म्हटलं की जी लहानशी ट्यूब हातात पडते, तिच्यात पुष्कळदा कडक स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, पुळ्या येतात, आणि ट्यूब सोडली की आग होते. सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी दुकानात ओळखीवर मिळतातच. शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब आणू नका. तुमच्या घरात असेल तर आत्ता उठून तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिली नसेल, तर ती चेहऱ्याची क्रीम नव्हे. महिनोन्‌महिने लावत असाल तर मात्र एकदम फेकू नका, डॉक्टरांना दाखवून सोडवा.

तर लग्नाचं काय झालं? घरी परतताना गाडीत भाची बराच वेळ गप्प होती. राहुरी फॅक्टरीच्या आसपास आलो तेव्हा म्हणाली, "मावशी, मी त्यांना फोटो पाठवते. पावडर न लावता." आणि खरंच पाठवला. खाली सगळं लिहिलं. पार्लर, पैसे, ऊन, डॉक्टर काय म्हणाल्या ते. मुलाचं उत्तर रात्री आलं. त्याने लिहिलं होतं, 'खड्डे मी बघायला आलो तेव्हाच पाहिले होते. मला वाटलं तुला माहीत असेल की मी पाहिलेत.' ती ते वाचून हसली की रडली, मला काही कळलं नाही. तो आईशी काय बोलला ते आम्हाला माहीत नाही, पण मुहूर्त हलला नाही. लग्नातल्या फोटोत काळे ठिपके आहेत. मेकअपवाल्या बाईंनी थर चढवायला घेतला तर डॉक्टरांनी सांगितलेली क्रीम आधी लावा म्हणून भाची हटून बसली.

ठिपके जायला आठ महिने लागले. मग नवऱ्याला बरोबर घेऊन ती त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि तेव्हा मीसुद्धा गेले, कारण हा प्रकार एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आधी बाईंनी भिंग लावून गाल तपासला. खड्डे सगळे एकसारखे नसतात म्हणे. काही दाभणाने टोचल्यासारखे अरुंद नि खोल. त्यांना लेसर पुरत नाही, तिथे काडीच्या टोकाने तीव्र आम्ल लावतात. काही उथळ, लाटांसारखे. त्यांच्या बुडाशी कातडी खाली बांधली गेलेली असते, ती बंधनं सुईने आतून सोडवतात. आणि काही काठ उभे असलेले, चौकोनी डबीसारखे. लेसरचा खरा उपयोग या तिसऱ्या जातीला. बहुतेकींच्या गालावर तिन्ही जाती एकत्र नांदतात. म्हणून नुसता लेसर करणाऱ्याकडे नव्हे, तर सगळे उपाय येणाऱ्याकडे जायचं.

मग प्रश्नांची फैर. अजून नवे मुरूम येतात का? येत असतील तर आधी ते थांबवायचे, नाहीतर एकीकडे बुजवायचं नि दुसरीकडे उकरायचं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या होत्या का, कधी? पूर्वी या गोळ्यांनंतर सहा महिने थांबायला लावत. आता मत थोडं मवाळ झालं आहे, पण डॉक्टरांपासून ते लपवायचं नाही. ओठांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड वरचेवर येतात का? लेसरनंतर ते चेहराभर पसरू शकतात, म्हणून आधीपासून गोळी देतात. कान टोचल्यावर गाठ आली होती का? अंगावरच्या जखमा फुगून लालसर कडक होतात का? अशा कातडीला किरण लावताना दहादा विचार करावा लागतो. दिवस गेले आहेत का? हा प्रश्न सुनेला सासूसमोर विचारू नये, हे बाईंना बरोबर कळत होतं.

चेहऱ्यावर बधिर करणारं मलम लावून पाऊण-एक तास बसवलं. डोळ्यांवर झाकणं लावली. किरण सुरू झाला तेव्हा फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि हलकासा केस जळल्याचा वास. वीस मिनिटांत आटोपलं. भाची म्हणाली, "तिखट लावल्यासारखं होतंय." बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. घरी आल्यावर पाच-सहा दिवस नुसतं मलम, खपली नखाने काढायची नाही, हळद नाही, लिंबू नाही, बेसन नाही, वाफ नाही. आजीबाईच्या बटव्यातलं सगळं आठवडाभर कुलपात. खपल्या पडल्या की उन्हाची क्रीम, तीसच्या वरच्या आकड्याची, दोन बोटांवर मावेल एवढी, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. स्कूटी नवऱ्याने चालवली.

अशा चार बैठका झाल्या. खड्डे गेले का? नाही गेले. उथळ झाले. तिरप्या उजेडात अजून दिसतात, समोरून फारसे दिसत नाहीत. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कुणाला निम्मा फरक पडतो, कुणाला त्याहून कमी, कोरी पाटी कुणालाच मिळत नाही. प्रत्येक बैठकीला काही हजार रुपये लागतात, आणि सौंदर्यासाठीच्या उपचाराला विमा सहसा मिळत नाही. तेव्हा दागिना मोडून करायची ही गोष्ट नव्हे, असं माझं आपलं मत. भाचीने पगारातून केलं, आणि ती खूष आहे.

आता माझ्या गालाकडे वळते. मीही त्या दिवशी हळूच विचारलं, "डॉक्टर, माझ्या या सुरकुत्यांना चालेल का हो?" त्यांनी मला दंडाची आतली बाजू दाखवायला सांगितली आणि शेजारी हाताचा पंजा ठेवायला लावला. तुम्हीही आत्ता करून पाहा. दंडाची आतली कातडी कशी मऊ, एकरंगी; पंजाची मात्र काळवंडलेली, सुरकुतलेली. वय दोन्हींचं एकच! जो फरक आहे तो बराचसा उन्हाचा. डोळ्यांच्या नि ओठांच्या भोवतीच्या बारीक रेघांना लेसरचा उपयोग होतो, हसताना पडणाऱ्या खोल घड्यांना कमी, आणि ओघळलेल्या गालांना जवळजवळ नाहीच. पण माझी खरी अडचण निराळी निघाली. दोन्ही गालांवर मला फिकट वांग आहे. लेसरच्या उष्णतेने वांग भडकतो. बाईंनी मला उन्हाची क्रीम, रात्रीचं एक साधं मलम आणि छत्री एवढंच देऊन परत पाठवलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मशीन दाराशी उभं असताना 'तुम्हाला नको' म्हणणारा डॉक्टर मिळणं हे काही कमी नाही. चौकशी करायची तर एवढीच करा की समोरची व्यक्ती त्वचारोगाची एम.डी. किंवा डिप्लोमा झालेली, किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, आणि किरण स्वतः मारते की मदतनीस मुलीच्या हातात देते.

स्टोव्हच्या खुणेचं म्हणाल तर ती इतकी जुनी नि सपाट आहे की तिच्या नादी लागू नका म्हणाल्या. मात्र त्यांनी मला विचारलं, "भाजल्यावर काय लावलं होतं?" मी म्हटलं, "शाई. आईने दौत ओतली होती." त्यांनी कपाळाला हात लावला. भाजल्याबरोबर नळाचं साधं वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. शाई नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. जखम भरल्यावर कातडी फुगायला लागली तर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बरेच तास, काही महिने बांधायची. एवढ्याने पुष्कळ व्रण बसतात. वर्षभरात व्रण आपोआपही फिकट, मऊ होत जातो, तेव्हा घाई नको.

आणि चेहरा नीट करून घेणं हे नवं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना पुण्याचा कावसजी सांगा. इंग्रजांच्या फौजेतला हा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे १७९३ च्या सुमारास पुण्यात वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टर पाहत उभे होते. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं, आणि तिकडचे सर्जन त्यावरून शिकले.

हीच गोष्ट मी परवा कोल्हारला भाचीच्या घरी चहा घेताना सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या. लग्नाआधी 'आजार आहे का' विचारणाऱ्या त्याच. चहाचा कप त्या नेहमी डाव्या हाताने धरतात, हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. गोष्ट संपली तशी त्यांनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळून चिकटलेलं. सात वर्षांच्या असताना चुलीत हात गेला होता. "याला काय होतं का वो?" त्यांनी विचारलं. "का आता वय झालं?"

भाची माझ्याकडे पाहायला लागली. दोन वर्षं एका घरात राहून तिने तो हात उघडा पाहिला नव्हता.

हे लेसरचं काम नव्हे. कातडी आखडून सांधा वळला असेल तर तिथे प्लास्टिक सर्जनच लागतो, आखडलेली कातडी सोडवून दुसरीकडची कातडी बसवावी लागते. इतक्या जुन्या सांध्याचं किती सुटेल ते हात पाहूनच सांगता येतं. पण ही शस्त्रक्रिया सौंदर्यात मोडत नाही. भाजल्यानंतर आखडलेल्या अवयवांचे उपचार राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत धरलेले आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, आधी त्यांना भेटायचं. कोल्हारहून लोणी तर हाकेच्या अंतरावर. १९८४ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोमवारी सकाळी चौकशीला जायचं ठरलंय. भाचीने रजा टाकली आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा, आणि केसपेपरच्या रांगेत लवकर उभ्या राहा, एवढं मी दोघींना सांगून आले आहे.